बीपी उजव्या दंडावरच मोजा

पत्र : माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे. पाच आठवड्यांपूर्वी रात्री पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीजवळ त्याची मोटार पुढे उभ्या असलेल्या डंपरवर आदळली. त्याने सीटबेल्ट लावलेला नव्हता. चार बरगड्या मोडल्या, प्लीहेला इजा झाली आणि सीटी स्कॅनमध्ये छातीतल्या महाधमनीला ‘ग्रेड तीन’ची जखम निघाली. डॉक्टरांनी त्याला दोन दिवस आयसीयूत नुसते औषधांवर ठेवले आणि तिसऱ्या दिवशी जांघेतून स्टेंट ग्राफ्ट बसवला. एवढी मोठी नस फाटलेली असताना दोन दिवस थांबणे हा सरळसरळ हलगर्जीपणा आहे, तक्रार करायलाच हवी, असे आमच्या मामांचे म्हणणे आहे. भाऊ आता घरी आहे, पण दोरीवर टॉवेल टाकायला डावा हात वर केला तरी हात भरून येतो. मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी डाव्या हातावर बीपी पाहिले, वरचे ९६ निघाले, म्हणून बीपीची गोळी अर्धी करायला सांगितले. रुग्णालयाने पुन्हा सीटी करायला सांगितले आहे. इतके सीटी करून अपाय नाही का होणार? स्टेंट जागचा हलणार तर नाही ना? आणि शेवटचे म्हणजे, त्याचे लग्न ठरलेले आहे. मुलीकडच्यांना सगळे सांगायचे, की ‘छातीला मार लागला होता’ एवढ्यावर भागवायचे?
– एक बहीण, भांडुप

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नांचा क्रम मी मोडतो आहे, कारण पत्रातली सर्वांत तातडीची गोष्ट तुम्ही प्रश्न म्हणून विचारलेलीच नाही. भावाचे बीपी यापुढे कुणीही आणि कुठेही मोजले, तरी ते उजव्या दंडावरच मोजले गेले पाहिजे. आज संध्याकाळी त्याला पाच मिनिटे शांत बसवा, तुलनेसाठी एकदाच दोन्ही दंडांवर पाठोपाठ बीपी घ्या, दोन्ही आकडे तारीख-वेळेसह लिहून ठेवा आणि स्टेंट बसवणाऱ्या सर्जनच्या विभागाला आजच फोन करून ते कळवा. गोळी अर्धी राहू द्यायची की पूर्ववत करायची, हे त्यांनी उजव्या हाताचा आकडा पाहून ठरवायचे आहे.

यामागचे कारण असे. हृदयातून निघालेली महाधमनी वर चढते, कमानीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याला चिकटून खाली उतरते. कमान संपते तिथेच डाव्या हाताला रक्त पुरवणारी धमनी निघते, जिला डावी सबक्लेव्हियन म्हणतात. तुमच्या भावाला झाली तशी जखम बहुतेक वेळा या फाट्याच्या अगदी पुढे, एखाद-दोन सेंटिमीटरच्या अंतरात होते. स्टेंट ग्राफ्ट (धातूच्या कड्यांवर कापड शिवलेली नळी) घट्ट बसायचा तर त्याला जखमेच्या अलीकडे सुमारे दोन सेंटिमीटर तरी निरोगी भिंत लागते, आणि तेवढी जागा मिळवण्यासाठी पुष्कळदा डाव्या सबक्लेव्हियनचे तोंड ग्राफ्टच्या कापडाखाली झाकावे लागते. तसे झाले की डाव्या हाताला रक्त थेट न मिळता मानेतल्या आणि खांद्याभोवतीच्या आडवाटांनी मिळते. हात जगतो, पण त्यातला दाब उतरलेला असतो. म्हणून डाव्या दंडावर ९६ दिसत असताना महाधमनीतला खरा दाब १३० किंवा १४० सुद्धा असू शकतो. भावाचे डिस्चार्ज कार्ड काढून त्यात ‘डावी सबक्लेव्हियन झाकली’ अशा अर्थाची ओळ आहे का, ते पाहा. हात भरून येतो या तुमच्या वर्णनावरून ती असणार, असा माझा अंदाज आहे. गल्लीतल्या डॉक्टरांना दोष देऊ नका. त्यांच्यापुढे ते कार्ड ठेवले गेले नसेल, तर त्यांना हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. पुढच्या वेळी मात्र कार्ड सोबत न्या.

आता मामांच्या म्हणण्याकडे वळतो. त्यांचा राग मला समजतो. मी स्वतः मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयात बरीच वर्षे छातीच्या शस्त्रक्रिया केल्या आहेत, आणि मामा आज जे म्हणतात, तेच आम्हालाही शिकवले गेले होते. १९५८ साली अमेरिकेत पार्मली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शवविच्छेदनांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाधमनीला असा मार लागलेल्यांपैकी शंभरातले सुमारे पंच्याऐंशी जण रुग्णालयात पोहोचण्याआधीच दगावतात, आणि जे पोहोचतात त्यांच्यातलेही बरेच जण उपचारांवाचून पुढच्या काही दिवसांत जातात, असे त्यातून दिसले. त्यामुळे निदान झाले की रात्र असो वा पहाट, रुग्णाला थेट टेबलावर घ्यायचे, असा दंडक पडला आणि तो कित्येक वर्षे टिकला.

हा दंडक का बदलला, हे समजण्यासाठी जखम कशी होते ते पाहावे लागेल. हृदय आणि महाधमनीची कमान छातीत बऱ्यापैकी सैल असतात, पण कमानीनंतरचा उतरता भाग कण्याशी बांधलेला असतो. या दोहोंच्या सांध्यापाशी एक छोटीशी दोरी महाधमनीला फुफ्फुसाच्या धमनीशी जखडून ठेवते. आईच्या पोटात असताना ही दोरी म्हणजे रक्त वाहणारी खरीखुरी नळी होती. जन्मानंतर ती मिटते आणि तिचा तंतू उरतो. मोटार ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या वेगातून एका क्षणात थांबते, तेव्हा सैल भाग पुढे झेपावतो, बांधलेला भाग मागे राहतो आणि मधल्या त्या जागी भिंतीला पीळ बसतो. भिंतीचे थर तीन असतात. नुसते आतले अस्तर चिरले तर ग्रेड एक, भिंतीच्या आतच रक्त साकळले तर ग्रेड दोन. आतले थर फाटून रक्त केवळ बाहेरच्या पातळ आवरणाने आणि भोवतालच्या ऊतींनी धरून ठेवले असेल, आणि तिथे फुगवटा आला असेल, तर ग्रेड तीन. आणि भिंत आरपार फुटली तर ग्रेड चार. ग्रेड चारमध्ये थांबायला सवड नसते. ग्रेड एक पुष्कळदा औषधांवरच भरून येते. तुमचा भाऊ ग्रेड तीनचा, म्हणजे दुरुस्ती अटळ, पण योग्य वेळ निवडण्याइतकी उसंत देणारा.

ती उसंत औषधांनी मिळते. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा ठोके देते आणि प्रत्येक ठोका त्या पातळ आवरणावर आतून धक्का मारतो. एस्मोलॉल किंवा लॅबेटॅलॉलसारखे औषध शिरेतून सतत सोडले की ठोक्यांची संख्या घटते, प्रत्येक ठोक्याचा जोर ओसरतो आणि वरचे बीपी १२०च्या खाली रोखून धरता येते. काचेबाहेरून तुम्हाला भाऊ नुसता पडून असलेला दिसला असेल, पण त्याच्या मनगटातल्या धमनीत एक बारीक नळी असणार, मॉनिटरवर तिची लाल रेघ ठोक्याठोक्याला उठत असणार, आणि ती रेघ ठरलेल्या उंचीच्या वर गेली की सिस्टर पंपावरचा आकडा वाढवत असणार. मामा ज्याला थांबणे म्हणतात, तो दोन दिवस चाललेला उपचार होता.

दुसरे म्हणजे प्लीहा. स्टेंट बसवताना रक्त गोठू नये म्हणून साधारणतः हेपॅरिन द्यावे लागते. ज्या माणसाची प्लीहा आदल्या दिवशी फाटलेली आहे, त्याला हेपॅरिन दिले तर छातीतली जखम बुजवता बुजवता पोटात रक्तस्राव सुरू होण्याचा धोका असतो. म्हणून आधी प्लीहेचा रक्तस्राव थांबल्याची खात्री करायची, तोवर बीपी मुठीत ठेवायचे आणि मग महाधमनीकडे जायचे, हाच आज मान्य असलेला क्रम आहे. ईस्टर्न असोसिएशन फॉर द सर्जरी ऑफ ट्रॉमा या अमेरिकेतल्या संस्थेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनातही बीपी काबूत ठेवून दुरुस्ती थोडी उशिरा करण्याची आणि शक्य तिथे स्टेंट ग्राफ्ट वापरण्याची शिफारस आहे. तरीही मामांचे समाधान झाले नाही, तर तक्रारीआधी रुग्णालयाकडे आयसीयूच्या नोंदींची प्रत लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत ती देणे डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. त्या तक्त्यातला बीपीचा रकाना पाहा. दोन दिवस तो दर तासाला भरलेला आणि काबूत असेल, तर तक्रारीला आधार उरत नाही. रकाना रिकामा असेल, तर मात्र मामांनी जरूर विचारावे, आणि त्यात मी त्यांच्या बाजूचा असेन.

स्टेंटच्या आधी आम्ही हे काम कसे करत होतो, ते थोडे सांगतो, म्हणजे भावाला काय टळले ते कळेल. रुग्णाला उजव्या कुशीवर झोपवून डाव्या बाजूने चौथ्या-पाचव्या बरगडीमधून छाती उघडायची, डावे फुफ्फुस मिटवून बाजूला सारायचे, जखमेच्या वर आणि खाली महाधमनीला चिमटे लावायचे, फाटका भाग कापायचा आणि तिथे डॅक्रॉन या कृत्रिम कापडाची नळी शिवायची. चिमटे लागलेले असताना पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटतो, आणि अर्ध्या तासाच्या पुढे गेले की धोका झपाट्याने वाढतो. पंपाच्या मदतीने खालच्या अंगाला रक्त चालू ठेवले, तर तो धोका कमी होतो, शून्य होत नाही. भूल उतरल्यावर आमचा पहिला शब्द ‘पायाची बोटे हलव’ हा असे. एकदा एका विशीतल्या मुलाने माझ्याकडे बघत मान हलवली, डोळे मिटले, पुरा जोर लावला, आणि चादरीखाली काहीच हलले नाही. टाके उत्तम होते, वेळही फार लागलेली नव्हती. तो जगला, पण चाकाच्या खुर्चीवर. अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या पाहणीत १९९७ साली असे लुळेपण ८.७ टक्के रुग्णांत आढळले होते. स्टेंटचा वापर रुळल्यावर, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या पाहणीत ते १.६ टक्क्यांवर आले, आणि मृत्यूंचे प्रमाणही उतरले. उघडी शस्त्रक्रिया आजही संपलेली नाही. कमानीचाच भाग फाटला असेल किंवा धमनीची ठेवण स्टेंटला सोयीची नसेल, तर तीच करावी लागते.

छातीतल्या महाधमनीत आतून ग्राफ्ट बसवण्याचे काम पहिल्यांदा १९८७ साली युक्रेनमधल्या खार्किव्ह शहरात निकोलाय व्होलोदोस यांनी केले, आणि तो रुग्ण नेमका तुमच्या भावासारखा, मार लागून महाधमनीत फुगवटा आलेला होता. सोव्हिएत राजवटीच्या बंद पडद्याच्या काळात जगाला याची खबर उशिरा लागली. तुमच्या भावाच्या वेळी कॅथलॅबमध्ये जे घडले, ते त्याच वाटेने गेले : जांघेतल्या धमनीतून साधारण करंगळीच्या टोकाएवढ्या जाडीची नळी वर सरकवायची, पडद्यावर रंगद्रव्य सोडून फुगवटा नेमका कुठे आहे ते पाहायचे, आणि नळीत घट्ट गुंडाळलेला ग्राफ्ट तिथे उघडायचा. हा ग्राफ्ट हातात घेतला तर तो शिलाईच्या कामासारखाच दिसतो. धातूच्या नागमोडी कड्यांवर पॉलिएस्टरचे किंवा तत्सम कापड बारीक टाक्यांनी शिवलेले असते, आणि कड्या बोटांनी दाबून सोडल्या की लगेच पुन्हा गोल होतात.

तो हलेल का, या प्रश्नाचे उत्तर त्या कड्यांतच आहे. ग्राफ्ट मुद्दाम धमनीपेक्षा दहा ते वीस टक्के मोठ्या मापाचा निवडतात, त्यामुळे तो आतून भिंतीला रेटून बसतो. खोकला, शिंक, जिना किंवा लोकलची गर्दी यांनी तो सरकत नाही. पण तरुण माणसाची कमान आखूड त्रिज्येत वळते, आणि सरळ नळीला तसे वळण घेणे अवघड जाते. क्वचित तिची वरची आतली कड भिंतीपासून किंचित उचललेली राहते, तिथून रक्त ग्राफ्टमागे शिरते, आणि फार क्वचित ग्राफ्ट दबतो. शिवाय महाधमनी वयानुसार रुंदावते आणि ग्राफ्टचे माप तेच राहते. एकोणतीस वर्षांच्या मुलाला हा ग्राफ्ट पन्नास वर्षे वागवायचा आहे, हे लक्षात ठेवून पुढचे वाचा.

सीटी याचसाठी आहे. या बिघाडांतले बहुतेक वेदना न देता सुरू होतात, आणि दुखू लागेपर्यंत वेळ हातातून गेलेली असू शकते. स्टेंटनंतरचा पहिला सीटी साधारण महिनाभराने, दुसरा सहा महिने ते वर्षाच्या आत आणि पुढे वर्षाला एक, अशी रूढ पद्धत आहे. सगळे ठीक निघत गेले की सर्जन अंतर वाढवतात. किरणोत्सर्गाची तुमची काळजी अनाठायी नाही, तरुण रुग्णात ती आम्हालाही असते. तरी आज पहिला सीटी टाळण्याचा धोका त्या किरणांच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. पुढच्या वर्षांत एमआरआयवर भागेल का, हे सर्जनला विचारा. नायटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या ग्राफ्टला ते बहुधा चालते. पोलादी असेल तर चित्रात काळी सावली पडून नेमके पाहायचे तेच दिसत नाही. ग्राफ्टची कंपनी, माप आणि क्रमांक लिहिलेले इम्प्लांट कार्ड मिळाले नसेल, तर मागून घ्या, आणि पहिल्या सीटीची सीडी कुणालाही कायमची देऊ नका, कारण पुढचा प्रत्येक सीटी तिच्याशी ताडून पाहायचा असतो. सीटीआधी रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे नीट काम करतात का हे सांगणारा आकडा, तपासावे लागेल.

हाताविषयी आणखी थोडे. आडवाटा रुंदावायला काही महिने लागतात आणि बहुतेकांचा त्रास तेवढ्यात ओसरतो. पण डाव्या हाताने काम करताना चक्कर येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा तोल जाणे ही निराळी तक्रार आहे. मेंदूच्या मागच्या भागाकडे जायचे रक्त हाताकडे ओढले जात असल्याची ती खूण असते. तसे असेल, किंवा लोकलची कडी धरून उभे राहण्याइतकाही हात चालत नसेल, तर मानेतल्या धमनीपासून हाताच्या धमनीला जोड देण्याची शस्त्रक्रिया करता येते. हात अचानक गार, पांढुरका वा निळसर पडला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

घरी चालणे-फिरणे भरपूर असू द्या. जड बादल्या, गॅसचा सिलिंडर, जिममधली वजने आणि शौचाला कुंथणे, यांत श्वास कोंडून जोर लावला जातो आणि दाब एकदम उसळतो, म्हणून सर्जन मोकळीक देईपर्यंत ती टाळावीत. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. तंबाखू कुठल्याही रूपात नको. दात काढायचा झाला, तर छातीत ग्राफ्ट आहे हे दंतवैद्याला आधी सांगावे. छातीत किंवा पाठीत एकाएकी फाडल्यासारखी कळ, घेरी, खोकल्यातून वा उलटीतून रक्त, पायांतली ताकद जाणे, आवाज नव्याने घोगरा होणे किंवा न उतरणारा ताप, यांपैकी काहीही झाले तर वाट पाहू नका. रिक्षा न शोधता १०८ला फोन करा आणि ज्या रुग्णालयात हृदय-छातीच्या शस्त्रक्रियेचा विभाग आहे तिथेच न्या, शक्यतो जिथे स्टेंट बसवला तिथे.

राहिले लग्न. सगळे सांगा. ही जखम अपघाताची आहे, आनुवंशिक नाही. तिचा मुलाबाळांशी संबंध नाही, आणि नीट देखरेख ठेवली तर त्याने नोकरी, प्रवास, संसार यांतले काही सोडण्याचे कारण नाही. मुलीकडच्यांपुढे लपवण्याजोगे यात काही नाही, आणि लपवायचे म्हटले तरी वर्षाला एक सीटी आणि रोजची गोळी एका घरात किती दिवस लपणार? मुलीची इच्छा असेल तर तिला पुढच्या ओपीडीला सोबत न्या, तिला तिचे प्रश्न स्वतः विचारू द्या. भावाशी बोलताना आणखी एक गोष्ट त्याच्या कानावर घाला, किंवा एखाद्या पुरुष नातेवाइकामार्फत पोहोचवा. बीपीच्या काही गोळ्यांमुळे थकवा येतो, काही पुरुषांना वैवाहिक संबंधात अडचण येते. असे झाले तर लाजून परस्पर गोळी बंद करू नये, कारण ती एकदम थांबवली की नाडी आणि दाब दोन्ही उसळतात. सर्जनला सांगितले की गोळी बदलून मिळते.

लग्नाच्या दिवशी मुहूर्तापर्यंत उपास असला, तरी सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच आहे, आणि मित्रांनी हौसेने खांद्यावर उचलून नाचवायचे नाही. त्या गडबडीत नवरदेवाला गोळीची आठवण राहणार नाही, तेव्हा ती खिशात ठेवून वेळेवर हातात देण्याचे काम आजच कुणाकडे तरी सोपवून टाका. माझ्या मते ते मामांकडे द्यावे.